कोयता पडल्यानंतरचे ७२ तास

ऊस तोडला की मेला, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. तोडलेल्या उसाची दोन डोळ्यांची टिपरी सरीत दाबली की काही दिवसांत कोंब वर येतो, आणि मेलेल्या कांड्याला कोंब फुटत नाही. ट्रॉलीत रचलेल्या उसातली साखर साठवणारी जवळजवळ प्रत्येक पेशी जिवंत असते, श्वास घेत असते आणि जगण्याचा खर्च भागवायला स्वतःतलीच साखर जाळत असते. मरण पुढे येतं, तुटलेल्या टोकांकडून आत सरकत.

त्या मरणाचा हा घटनाक्रम. शिवार पंचगंगेकाठचं, करवीर तालुक्यातलं. महिना मार्च, दुपारी पारा पस्तिशीपुढे. ऊस को ८६०३२. प्रसंग मुद्दाम वाईट धरला आहे: तोड झाल्यावर कारखान्यात बिघाड होतो आणि गाडी रांगेत अडकते. चांगल्या दिवशी मोळी २४ तासांच्या आत गव्हाणीत पडते, म्हणून पुढचं कुणाच्या नजरेला येत नाही.

कोयत्याआधी १ तास, सकाळी ६

उभ्या उसाच्या कांड्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर मोठाल्या, पातळ भिंतींच्या पेशी दिसतात. पेशीचा सुमारे नव्वद टक्के भाग एकट्या रिक्तिकेने, म्हणजे रसाच्या पिशवीने, व्यापलेला असतो. साखर तिच्यात. रिक्तिकेतला रस आंबट, सामू साधारण ५.५. भोवतालच्या पेशीद्रवाचा सामू ७.२ च्या आसपास. म्हणजे पडद्याच्या एका बाजूला आम्ल दुसऱ्या बाजूच्या जवळपास ५० पट, आणि पडद्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतकी.

एवढा फरक आपोआप टिकत नाही. आम्लपणा आणणारे प्रोटॉन सतत झिरपतात आणि पडद्यात बसलेले पंप त्यांना सतत परत ढकलतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा एटीपी या रेणूतून येते. पेशीत एटीपीचा साठा फार नसतो. नवं तयार होणं थांबलं तर हातातलं काही सेकंदांपासून फार तर काही मिनिटांपर्यंत पुरतं. उसाच्या पेशीचा नीटनेटकेपणा मिनिटामिनिटाला विकत घेतलेला असतो.

साखरेचंही तसंच. सुक्रोज म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. नुसत्या पाण्यात, आम्ल नसेल, विकर नसेल, तर ही जोडी शतकानुशतकं टिकेल. पण पेशीजवळ इन्व्हर्टेज नावाचं विकर असतं, ते तीच जोडी झटक्यात तोडतं. कोवळ्या शेंड्यात ते भरपूर असतं, कारण वाढीला सुटी साखर लागते. पक्व कांड्यांत पेशी ते अगदी कमी ठेवते. शेंड्याकडचं वाढं तोडून बाजूला टाकायची रीत आहे, तिच्यामागे हे एक कारण आहे.

तास ०, सकाळी ७

कोयता बुडख्याशी बसतो. बीडकडून आलेली टोळी आहे, नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती पाचट सोलून मोळी बांधते. खोडातल्या जलवाहिन्यांमध्ये पाणी वरच्या पानांच्या ओढीने ताणलेलं असतं. वाहिनी तुटते त्या क्षणी ताण सुटतो आणि कापल्या तोंडातून हवा आत शिरते. मुळांकडून येणारं पाणी बंद. वाढं उडालं, पानं गेली, वरून येणारी साखर बंद. आतल्या पेशींना तहान लागायला अजून वेळ आहे आणि अन्नाची तर ददातच नाही, साखरेतच त्या बसल्या आहेत. इतर जीवांच्या उपासमारीपेक्षा उसाचा मृत्यू वेगळा आहे तो इथे. इथे जळण संपत नाही, ते नीट जाळण्याची सोय संपत जाते.

पहिली १० मिनिटं

कापल्या तोंडावरच्या पेशी फुटल्या आहेत. त्यांतली साखर, आम्ल आणि विकरं एकत्र झाली. तोंडावर रसाचा ओलसर थर चमकतो, बोट लावलं तर चिकटतो. कोयत्याच्या पात्यावर, मातीत, पाचटात ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू असतातच. ते या थरात उतरतात. तासा-दोन तासांत त्यांची वसाहत बसते.

या जिवाणूची करामत समजून घ्यायला हवी, कारण पुढे गव्हाणीत घात तोच करणार आहे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांना जोडणाऱ्या बंधात ऊर्जा साठवलेली असते. उसाने ती सूर्यप्रकाशातून मिळवून तिथे ठेवली. जिवाणूचं एक विकर पेशीबाहेर येऊन तो बंध तोडतं आणि सुटलेल्या ऊर्जेवर तिथल्या तिथे ग्लुकोजला ग्लुकोज जोडत लांब साखळी विणतं. एटीपीचा एक रेणूही त्यासाठी खर्चावा लागत नाही. त्या साखळीला डेक्स्ट्रान म्हणतात. हाताला ती बुळबुळीत लागते.

तास २, सकाळी ९

मोळ्या बांधावर. सावली नाही. कांड्याच्या मधोमध असलेल्या पेशीला मात्र अजून काही झालेलं नाही. तिथे थोडं थांबून बघू.

वनस्पतीच्या पेशीतलं द्रव एका जागी बसून नसतं. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हायड्रिलाचं एक पान पाण्याच्या थेंबात ठेवून भिंगाखाली धरतात, तेव्हा हे स्वच्छ दिसतं. हिरवे कण पेशीच्या भिंतीला धरून एकामागोमाग एक फिरत राहतात. कोपऱ्यावर आले की वळतात, पुन्हा सरळ जातात. कधी दोन कण अडखळतात, मागचा पुढच्याला टेकतो आणि दोघं मिळून पुढे सरकतात. बघत बसावं असं दृश्य आहे. पेशीतल्या धाग्यांवरून मायोसिन नावाची प्रथिनं एटीपी खर्चत चालतात आणि त्यांच्या ओढीने सगळं द्रव वाहतं. इटलीत बोनाव्हेंतुरा कोर्ती यांनी हे १७७४ साली पाहिलं. पेशीचा श्वास रोखणारं विष थेंबात घातलं की थोड्याच वेळात कण मंदावतात आणि जिथे असतील तिथे थबकतात. पाणी तेवढंच, प्रथिनं तीच, तापमान तेच. ऊर्जा थांबली आणि द्रवाचा स्वभाव बदलला.

हा बदल केवढा खोल आहे, ते गेल्या दहा-बारा वर्षांत नीट कळलं. २०१४ साली अमेरिकेच्या येल विद्यापीठातल्या क्रिस्टीन जेकब्स-वॅग्नर यांच्या गटाने जिवाणूंच्या पेशीत वेगवेगळ्या आकाराचे कण कसे हलतात ते मोजलं. जिवाणूत मायोसिन नाही, कुणी मुद्दाम ढवळत नाही. तरी पेशी खात-पचवत असताना मोठे कण फिरत होते. चयापचय बंद पाडला की तेच मोठे कण जागीच कोंडले गेले. बारीक रेणूंना वाट मिळत होती, मोठ्यांना नाही. प्रथिनांनी ठासून भरलेलं पेशीद्रव काचेसारखं वागायला लागलं होतं. काच म्हणजे पदार्थविज्ञानाच्या अर्थाने: कणांची रचना द्रवासारखी विस्कळीत, पण कुणाला हलायला जागा नाही.

नवरात्रात कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर शिरल्यावर जे होतं तेच हे. माणसं थोडीफार हलत असतात तोवर गर्दी कितीही असली तरी आपण सरकत अंबाबाईच्या दारापर्यंत पोचतो. सगळे एकदम थबकले तर पाऊल टाकायला फट उरत नाही. पेशीत ही हालचाल विकरांची असते. रसायनं तोडता-जोडताना प्रत्येक विकर आकार बदलतं, शेजाऱ्याला धक्का देतं. असे असंख्य धक्के मिळून पेशीद्रव पातळ राहतं, असं मानतात. ऊर्जा खर्चून स्वतःच हलणाऱ्या कणांच्या अशा पदार्थांचं गणित भौतिकशास्त्रात गेल्या तीस वर्षांत उभं राहिलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले श्रीराम रामस्वामी त्यातलं अग्रणी नाव. आदिती सिम्हा यांच्यासोबत २००२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध या विषयाच्या पायाभरणीतला आहे. पाणी किती घट्ट, मध किती पातळ, हे तापमान सांगतं. जिवंत पदार्थ किती पातळ, हे त्याच्या खर्चाचा वेगही सांगतो. मला या विज्ञानातली ही सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते.

तास ६, दुपारी १

मोळ्या डोक्यावरून फळीने वर चढवून ट्रॉली भरली. वरून ऊन आणि आतून उष्णता, कारण श्वसन चालू आहे.

किती उष्णता? एक ग्रॅम साखर पूर्ण जळली की सुमारे १६.५ किलोज्यूल ऊर्जा सुटते. त्यातली काही एटीपीत जाते, पण एटीपी वापरला गेल्यावर तीही अखेर उष्णताच होते. एक टन उसात साधारण १३० किलो साखर धरा. त्यातली एकच किलो श्वसनात गेली आणि उष्णता बाहेर पडली नाही, तर तो टनभर ऊस सुमारे साडेचार अंशांनी तापेल. काठाच्या मोळ्यांची उष्णता वाऱ्याबरोबर जाते. मधल्या मोळ्यांची जात नाही. आणि दहा अंश वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. जास्त श्वसन, जास्त उष्णता, आणखी जास्त श्वसन.

तास ११, संध्याकाळी ६

कारखान्याचा अड्डा. पुढे गाड्यांची रांग.

"अण्णा, आज काय नंबर लागत न्हाई. मिल बंद हाय," कारखान्याचा चिटबॉय सांगतो.

"कवा सुरू हुतीया?"

"रातच्याला बघू म्हणत्यात."

तास २४, दुसऱ्या दिवशी सकाळी ७

तोडल्यापासून २४ तासांत गाळप व्हावं, हे ऊस संशोधक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. ती मुदत गाडीत उभ्या उभ्या संपली.

उसाला हात लावला तर फार काही कळत नाही. साल थोडी सुरकुतली आहे. चावून बघितला तर गोडच, किंबहुना जास्तच गोड. ब्रिक्सचं यंत्र लावलं तर आकडा कालच्यापेक्षा वर गेलेला असू शकतो, कारण पाणी उडालं आणि विरघळलेलं सगळं दाट झालं. यंत्र विरघळलेलं किती ते दाखवतं. त्यात सुक्रोज किती आणि त्याचे तुकडे किती, हे त्याला कळत नाही. शेतकऱ्याचं नुकसान इथेच सुरू होतं आणि दिसत नाही. काट्यावर पैसे वजनाचे मिळतात आणि वजन तासागणिक कमी होत आहे. माझं स्पष्ट मत आहे की वजनाच्या पावतीवर तोडीची तारीख आणि तास ठळक छापला गेला पाहिजे, आणि खोळंबा कारखान्याचा असेल तर त्या तासांची घट शेतकऱ्याच्या माथी पडता कामा नये.

तास ३६, संध्याकाळी ७

ट्रॉलीच्या पोटात हवा खेळत नाही. कांड्याची साल मेणचट, आत ऑक्सिजन जायला वाट अरुंद, आणि श्वसन तर गरमीने वाढलेलं. कांड्याच्या गाभ्यात ऑक्सिजन कमी पडायला लागतो. ऑक्सिजन असला की ग्लुकोजच्या एका रेणूतून साधारण ३० एटीपी मिळतात. नसला की आंबवण्यावर भागवावं लागतं, आणि मग हाती दोन येतात. दोनात घर चालवायचं तर साखर कितीतरी पट वेगाने उडवावी लागते. मद्यार्काचा आंबूस वास याच सुमारास येऊ लागतो. त्यातला काही उसाच्या पेशींचा, काही बाहेरच्या यीस्टचा.

आता पंपांना पुरवठा अपुरा. प्रोटॉन झिरपतात तेवढे परत ढकलले जात नाहीत. पेशीद्रवाचा सामू उतरू लागतो.

सामू उतरला की काय होतं, याचा सुंदर प्रयोग जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये सायमन अल्बर्टी यांच्या गटाने यीस्टवर केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. यीस्टची ऊर्जा तोडली की पेशीद्रव आम्लधर्मी होतं, प्रथिनं एकमेकांना बिलगून मोठ्या जाळ्या बनवतात आणि सगळी पेशी द्रवाची घट्ट होते. हात लावता आला असता तर कडक लागली असती. यीस्टच्या दृष्टीने हा बचाव आहे. पेशी गोठून पडून राहते आणि अन्न मिळालं की पुन्हा पातळ होऊन कामाला लागते. पुढच्याच वर्षी ड्रेस्डेनमधूनच टोनी हायमन यांच्या गटाने दाखवलं की एटीपी नुसतं ऊर्जा पुरवत नाही, प्रथिनांना विरघळलेलं ठेवण्याचं कामही तेच करतं. पेशीतल्या बहुतेक क्रिया चालायला एका क्षणी जेवढं एटीपी हजर असावं लागतं त्याच्या कैक पट पेशी बाळगते. एवढं कशाला, या जुन्या कोड्याचं एक उत्तर त्यातून मिळालं. एटीपी आटलं की प्रथिनं गोळा होऊ लागतात.

कोठारातली ज्वारीही हेच करते, पण तयारीनिशी. दाणा वाळताना त्याच्या पेशी पाणी सोडत सोडत काच बनतात, आणि त्या काचेत पुढच्या पेरणीपर्यंत जीव शाबूत राहतो. उसाच्या कांड्याला अशी तयारी नाही. त्याच्या वजनातला सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग पाणी. त्याची पेशी गोठून वाचणाऱ्यातली नाही, ती फुटणाऱ्यातली आहे.

तास ५०, तिसऱ्या दिवशी सकाळी ९

टोकांकडच्या आणि ट्रॉलीच्या मधल्या भागातल्या पेशींत रिक्तिकेचा पडदा आता धरत नाही. पडद्याची डागडुजीही एटीपीवरच चालत होती. आम्ल बाहेर, विकर आत. तोडीनंतर उसात आम्लधर्मी इन्व्हर्टेज वाढत जातं, हे लखनौच्या ऊस संशोधन संस्थेत वारंवार मोजलं गेलं आहे. उभ्या उसात ज्यांची भेट होऊ नये म्हणून पेशी मिनिटामिनिटाला खर्च करत होती, ते आता एका भांड्यात आहेत.

३४२ किलो सुक्रोज तुटलं की १८ किलो पाणी घेऊन ३६० किलो ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. गोडी कमी होत नाही. बंधात साठवलेली ऊर्जा मात्र मोकळी होऊन उष्णतेत गेली, आणि ती परत येत नाही.

तास ६०, संध्याकाळी ७

हाच ऊस कारखान्याऐवजी गुऱ्हाळावर गेला असता तर? कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि शाहूपुरीच्या बाजारात रव्याची पारख करणाऱ्याला शिळ्या उसाचा गूळ हातात घेताच ओळखू येतो. रवा बसत नाही. काहिलीतला पाक ११८ अंशांपर्यंत नेला, वाफ्यात ओतला, घोटला, तरी मऊ राहतो. पावसाळ्यात पाझरतो.

कारण पुन्हा काचेचंच आहे. गुळात सुक्रोजचे बारीक स्फटिक असतात आणि त्यांच्यामधे न जमलेली, काचेसारखी साखर. कोरडं सुक्रोज काच म्हणून साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत टिकतं. कोरड्या ग्लुकोजची काच ३१ अंशांच्या आसपास ढिली पडते, फ्रुक्टोजची तर ५ अंशांच्या आसपास. म्हणजे कोल्हापूरच्या कुठल्याही दिवशी फ्रुक्टोज काच म्हणून उभं राहूच शकत नाही. सुक्रोजचे तुकडे गुळात जितके जास्त, तितकी काच लवकर वितळते, आणि वर ते तुकडे स्फटिक जमू देत नाहीत, हवेतलं पाणी ओढतात. जिवंत पेशीत ऊर्जा खर्च झाल्यामुळे द्रव काच होत नव्हतं. मेलेल्या उसाच्या गुळात काच हवी असताना ती बनत नाही. गुळव्या भेंडीचं पाणी टाकून मळी काढेल, चुना कमी-जास्त करेल. तुटलेली जोडी त्याला जोडता येणार नाही.

तास ७२, चौथ्या दिवशी सकाळी ७

मिल सुरू. ट्रॉली काट्यावरून पुढे आली, मोळ्या गव्हाणीत पडल्या. कापल्या टोकांशी तीन दिवस विणलेलं डेक्स्ट्रान आता सगळ्या रसात मिसळतं.

रस दाट आणि चिकट होतो. गाळायला वेळ, उकळायला जास्त वाफ. पॅनमध्ये स्फटिक वाढताना डेक्स्ट्रानचे रेणू त्यांच्या काही पृष्ठांना चिकटतात आणि तिथली वाढ अडवतात. मग दाणा चौकोनी, भरीव होण्याऐवजी सुईसारखा लांबट होतो आणि सेंट्रिफ्यूगलमध्ये त्याच्यापासून मळी नीट सुटत नाही. प्रयोगशाळेलाही चकवा बसतो. सुक्रोज किती, हे रसातून जाणारा प्रकाश किती अंशांनी उजवीकडे वळतो त्यावरून काढतात, त्यालाच पोल म्हणतात. डेक्स्ट्रान प्रकाशाला त्याच दिशेला, आणि सुक्रोजच्या जवळपास तिप्पट वळवतं. पोल चांगला दिसतो, पोत्यात साखर येत नाही.

उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते त्यावर, ठरते. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होते आणि त्यापुढे प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे वाढ, म्हणजे टनाला ३३ रुपये २० पैसे. उतारा एकेका ट्रॉलीचा वेगळा मोजत नाहीत, सगळ्या गाळपाचा मिळून मोजतात. रांगेत तीन दिवस उभ्या राहिलेल्या गाड्यांमुळे सरासरी खाली आली, तर ज्याने सकाळी तोडून दुपारी ऊस घातला त्याचाही टनामागचा दर त्याच हिशेबाने उतरतो.